तटबंदीबाहेर

गाडी वेशीबाहेर ठेवा, असं प्रत्येक गावाने सांगितलं:
पार्माने, लुक्काने, आणि डोंगरावरच्या त्या गावाने
ज्याचं नाव गेलं, वळणं राहिली,
कारण तिथे फुल्विओने सकाळचं सगळं दूध
आईच्या टोपीत परत केलं.

म्हणून माझी ती जुनी, थोर शहरं
पार्किंगपासून सुरू होतात.
तापलेलं डांबर, नाण्यांसाठी बटव्यात खुडबुड,
पावती काचेच्या आत, आकडे बाहेरच्या बाजूला,
आणि समोर विटांची उंच भिंत,
जिला आमचं काहीएक पडलेलं नाही.

बाबा नोवारात कुलपं दुरुस्त करायचे.
लोक किल्ले बघतात, बाबा किल्ल्या.
पार्मात आम्ही माना मोडून
छतावरचे संत मोजत होतो;
ते दारापाशी उकिडवे बसले,
बिजागरीला नख लावलं, म्हणाले,
'एर्सिलिया, बघ. किती शतकं झाली असतील, आणि कुरकुर नाही.'
'आपली तेराच झालीत,' आई म्हणाली,
छतावरून डोळे न काढता.

मागच्या सीटवर मधोमध निवेस आत्या,
तिच्या मांडीवर कलिंगड.
लुक्काबाहेर एका टेम्पोवरून घेतलेलं,
घासाघीस करून, थापट्या मारून, कान लावून.
आणि मग कापू देईना.
'सिएनात. चौकात बसून. माणसासारखं.'
दोन दिवस ते आमच्यासोबत फिरलं.
हॉटेलात त्याला बाथटबमध्ये झोपवलं.

सिएना येईतो आत्याचे पाय पावासारखे फुगले होते.
वेशीपाशी लाल गोलाची पाटी, खाली बारीक अक्षरांत
आत कोण येऊ शकतं त्याची यादी.
आम्ही त्यात नव्हतो.
बाबांनी गाडी थांबवली. मागच्याने हॉर्न दिला.
जन्मभर लोकांची दारं
विचारून उघडणारा माणूस
'पाचच मिनिटं' म्हणाला
आणि आत घातली.

काय ती गल्ली!
आरसे कानांसारखे मिटून घ्यावे लागले.
वरच्या खिडकीतली ओली चादर
टपावरून हात फिरवून गेली.
एक म्हातारा खुर्चीसकट उठला, भिंतीला चिकटला,
आम्ही गेल्यावर पुन्हा बसला.
ओरडलं कुणीच नाही.

चौक शिंपल्यासारखा, उतरता.
आत्या बसली, सुरी मागितली,
आणि तेवढ्यात कलिंगड निघालं.
घाई नाही. जणू त्यालाही शहर बघायचं होतं.
जर्मन पाहुण्यांनी पाय वर घेतले,
कबुतरांनी वाट दिली,
मागे फुल्विओ, फुल्विओमागे मी,
आणि पार तळाशी, पावसाचं पाणी जाण्याच्या जाळीवर
ते फुटलं.
आत्याचं हसू वरून खालपर्यंत घरंगळत आलं.
आम्ही तिथेच ओणवे होऊन खाल्लं, बियांसकट.

नोव्हेंबरात हिरवं पाकीट आलं.
दंड. वेळ सतरा बेचाळीस. सोबत फोटो.
आई तीन दिवस बोलली नाही,
चौथ्या दिवशी फार बोलली.
आत्याने टपालाने दोन हिस्से पाठवले:
एक स्वतःचा, एक कलिंगडाचा.

दुकान विकलं तेव्हा
तो फोटो मला खणात सापडला,
ज्यांची कुलपं आता कुणालाच माहीत नाहीत
अशा किल्ल्यांखाली.
सहलीत कॅमेरा बाबांच्या गळ्यात असायचा,
म्हणून आमच्या अल्बममध्ये ते कुठेच नाहीत.

इथे आहेत.
पाठमोरी गाडी, नंबर ठळक.
मागच्या काचेत आत्याचा अंबाडा,
काचेला टेकलेला फुल्विओचा तळपाय,
पुढे आईचा वर गेलेला हात, नको, नको,
मी कुठे आहे ते दिसत नाही,
आणि डाव्या खिडकीतून बाहेर काढलेलं
एक कोपर, बाही दुमडलेली,
ऐटीत.